ओटीपी चिंतावार सरांच्या घरी

लालसिंग राठोडने आमच्या विभागात दोन कीबोर्ड फोडले आणि एकदा एका प्राध्यापकाची कॉलर धरली. बोरी अरबजवळच्या तांड्यातला हा गडी कंत्राटावर विभागाची वेबसाइट सांभाळायचा. डोकं तापलं की बापाचंही ऐकायचा नाही, पण त्याच्या हातून सूचना कधी उशिरा चढली नाही.

वेबसाइट उघडायची तर दर वेळी मोबाइलवर ओटीपी लागतो. तो यायचा चिंतावार सरांच्या फोनवर. वेबसाइट बनली तेव्हा विभागप्रमुख ते होते आणि नंबर त्यांनी स्वतःचा दिला होता. सर निवृत्त झाले, खुर्ची गावंडे मॅडमकडे गेली, नंबर मात्र सरांनी सोडला नाही. मॅडमही काही कमी नाहीत, त्या सरांना फोन करतील तर शपथ. मग लालसिंगनेच गाडीला किक मारायची, सरांच्या पायरीवर लॅपटॉप उघडून बसायचं, शिव्या खायच्या आणि ओटीपी मागायचा. मला या प्रकाराची किळस यायची. पण मी तिथला लिपिक, माझं कोण ऐकतं!

मागच्या उन्हाळ्यात विद्यापीठाने बहिःस्थ विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा अचानक सोमवारऐवजी शनिवारी ठेवली. ही माणसं शेतात, दुकानात राबून शिकणारी. त्यांचे फोन नंबर आमच्याकडे नाहीत, ती फक्त वेबसाइट बघतात. परीक्षा चुकली की वर्ष गेलं. शुक्रवारी दुपारी लालसिंग निघाला, मीही मागे बसलो.

सर ओसरीत झोपाळ्यावर होते. "पहिले वेबसाइटवरून त्या गावंडे बाईचा फोटो काढ, माझा लाव. मंग ओटीपी."

"सर, पोट्ट्याइचं वर्ष जाते," लालसिंग म्हणाला. " राळेगावहून येतात ते."

"जाऊ दे. मले काय त्याचं?"

लालसिंगने फोन हिसकावला. सरांनी त्याची कॉलर धरली, त्याने ढकललं, सर फरशीवर आपटले आणि कपाळ फुटलं. आतून त्यांचा मुलगा लोखंडी गज घेऊन धावला. पहिला घाव लालसिंगच्या खांद्यावर पडला. मी मधे पडलो तर माझं कोपर सुजवलं. लालसिंग मात्र पायरीवर बसून, फोनवरचा ओटीपी बघून लॅपटॉपवर टाइप करतच होता. तेवढ्यात गज त्याच्या उजव्या हातावर बसला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. "याडी!" म्हणून त्याने आईला हाक मारली आणि डाव्या हाताने बटण दाबलं. सूचना चढली. मग त्याने सरांचा फोन भिंतीवर आपटला.

शनिवारी एकूण एक विद्यार्थी आला. राळेगावची एक बाई लेकरू कडेवर घेऊन आली होती.

पोलिसांत तक्रार झाली ती लालसिंगवर. चोराच्या उलट्या बोंबा! "विभागाची बदनामी नको," म्हणत मॅडमने त्याचं कंत्राट तोडलं.

ती सूचना अजून तशीच आहे, 'परीक्षा उद्याच' अशी लाल अक्षरांत. घाबरलेल्या विद्यार्थ्यांचे फोन घेऊन माझा जीव जातो. शेवटी मॅडमने मलाच लालसिंगला आणायला पांढरकवड्याला धाडलं. तिथे हायवेवर तो ट्रकच्या टायरात हवा भरत होता.

"मॅडम बोलावून राह्यल्या. सूचना काढून दे म्हणतात."

त्याने उजवा हात माझ्यापुढे धरला. दोन बोटं वाकत नव्हती.

"ओटीपी अजून चिंतावार सरकडंच येते ना? मंग या खेपेला मॅडमलेच धाडा. त्याइची बोटं शाबूत हायेत."