वेणीतल्या काळ्या बटा

माझी वेणी कमरेपर्यंत येते. त्यातली खांद्याखालची माझी नाही.

लग्नाआधी टायफॉइडने केस गेले. उरल्या केसांची वेणी म्हणजे उंदराची शेपटी. आईने नगरच्या एका पार्लरमध्ये नेऊन चिकटपट्टीचे केस लावून आणले. "बघायला येतायत तेवढ्यापुरतं," म्हणाली. पाहुणे आले, होणाऱ्या सासूबाईंनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि माझी वेणी हातात धरून बघितली. तिथेच लग्न ठरलं. ते 'तेवढ्यापुरतं' आजतागायत चाललंय.

सासर सुप्याजवळ. हळदीकुंकवाला गेलो की सासूबाई मला पाठमोरी उभी करून बायकांना वेणी दाखवायच्या, बाजारात गाय दाखवतात तशी. दर शुक्रवारी तेलाची वाटी घेऊन अंगणात बोलवायच्या. तेल मुळाशी गेलं की पट्ट्या सुटतात, म्हणून मी ॲलर्जी काढली. खोबरेल तेलाची ॲलर्जी, आणि तीही मला! कुशीवर वळलं की डोक्याला ओढ बसायची. सगळं ओरबाडून काढावं आणि एकदाचं सांगून टाकावं, असं वाटून रडू यायचं. नवऱ्याला माहीत होतं. "आईला कळू देऊ नको," एवढंच त्याचं म्हणणं.

बोअरच्या पाण्याने विकतचे केस तांबूस पडायला लागले, माझे मात्र काळेच राहिले. दर दीड-दोन महिन्यांनी पट्ट्या काढून पुन्हा वर लावून घ्याव्या लागतात. त्यासाठी मी दातांच्या डॉक्टरचं नाव सांगून नगरला जायचे. यंदा एका खेपेला पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, "आपण लोलाइट्स करू. मध्ये मध्ये गडद बटा घातल्या की तुमच्या केसांत मिसळून जातील." त्यांनी सगळ्या पट्ट्या काढून ट्रॉलीवर ओळीने मांडल्या, ब्रशने रंग लावला आणि बटा फॉइलमध्ये गुंडाळल्या. मी खुर्चीत, गळ्यापर्यंत प्लास्टिकचं कापड, डोक्यावर माझे खरे चार केस.

तेवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या. पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला नगरला यायचं अचानक ठरलं होतं आणि पार्लरच्या दारात त्यांना माझी स्कूटर दिसली. पळायला जागा नव्हती. हातसुद्धा कापडाच्या आत.

त्यांनी ट्रॉलीकडे बघितलं, माझ्या डोक्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

"कापली गं! सोन्यासारखी वेनी कापली! कुनाला इचारलंस?" पदर तोंडाला लावून त्या रडायलाच लागल्या.

ताई घाबरल्या. "काकू, अहो कापली नाही. हे त्यांचे केसच नाहीत. विकतचे आहेत, पहिल्यापासून."

रडणं थांबलं. मला काय वाटलं सांगू? सुटले! बोलतील, महिनाभर अबोला धरतील, धरू देत. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"आई, आता नाही लावत मी," असं म्हणून मी ताईंना सांगितलं, "राहू द्या ते."

सासूबाई उठल्या. एक फॉइल उलगडून आतली बट बघितली.

"न लावून कसं चालंल? आठ दिसांवर लगीन हाय. साऱ्या भावकीत तुजी वेनी सांगून बसलेय मी." मग ताईंकडे वळून म्हणाल्या, "नीट लावा. काळ्या बटा जरा आजून घाला. जाऊबाई म्हनत हुत्या, सुनंचे केस तांबडे पडल्यात."

मला कुणी विचारलंच नाही.

लग्न होऊन गेलं. आता तरी काढते म्हटलं, तर पुढे भावकीत एकीकडे बारसं होतं, मग दुसरीकडे डोहाळजेवण. तेलाची वाटी बंद झाली. माझ्या ॲलर्जीचं त्याच सगळ्यांना सांगतात. पार्लरची तारीख माझ्याआधी त्यांच्या ध्यानात असते. स्कूटरवर मागे बसून येतात, दाराजवळची खुर्ची धरतात आणि शेवटची पट्टी चिकटेपर्यंत तिथून हलत नाहीत.