मीनाक्षीबाईंची फरशी

कुंभकोणमला पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या मीनाक्षीबाईंचा कुठल्याच कारागिरावर विश्वास नसे. स्वयंपाकघराची फरशी बदलायला नटराज गवंडी आला, तशा त्या दारातच खुर्ची टाकून बसल्या. त्याच्याशी तमिळ, सून नित्याशी मराठी. घरच्या भाषेत काय हवं ते बोलता येई.

"नित्या, याची नजर बरी नाही. पितळेची भांडी आत ने. सिमेंट कमी नि वाळूच जास्त घालतोय लबाड."

नटराज मान खाली घालून फरशी बसवत राहिला. चार दिवसांनी काम संपल्यावर हातपाय धुऊन म्हणाला, "येतो, बाई. भांडी आणा आता बाहेर."

चक्क मराठीत!

नित्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्याबाई, अहो, हा आपल्यातलाच!"

"मग इतके दिवस तोंड शिवून का बसला होता?" बाई कडाडल्या. "मी म्हणत नव्हते, लबाडच आहे!"