दसऱ्याला जुनं कार्ड जिंकलं

आमच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यात एखादी बाई मासळी विकते म्हटलं तर कुणी मान वर करून बघणार नाही. पण नेत्रा सकाळी मासळी विकते आणि दुपारी कॉम्प्युटरची ग्राफिक्स कार्डं तपासते असं सांगितलं, की लोक मलाच थापाड्या ठरवतात. मी तिचा शेजारी. तीस वर्षं शाळेत कारकुनी केली, नसलेलं लिहायची सवय नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर चालू लागा.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरची चित्रं पळवणारा भाग. हातभरापेक्षा लहान, वर पंखा बसवलेला. जुनं कार्ड अजून किती दम धरतं आणि नवं खरंच किती पळतं, हे नेत्रा सांगते. दोन्हींना एकच काम देते, घड्याळ लावते, तापमान बघते आणि वहीत लिहिते. विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला ती भीक घालत नाही. "पापलेट ताजं हाय, असा कोनीपन सांगंल. आपन कल्ला उचलून बगायचा," हे तिचं उत्तर. गल्ली मात्र याला 'नेत्राचे खेळ' म्हणायची. गल्लीत मीही आलो, लपवत नाही.

त्यामुळे दीप्ती तिच्या दारात आली तेव्हा आमचे सगळ्यांचे कान उभे राहिले. दीप्तीचा अंधेरीला व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे. बारा मशीन, बाराही कार्डं सात वर्षांची. बदलावीत की राहू द्यावीत, हे तिला ठरवायचं होतं. एक जुनं आणि एक नवंकोरं कार्ड नेत्राच्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "उद्या माझ्यासमोर तपास. तुझी पारख पटली, तर बाराही मशीनची देखभाल कायमची तुझ्याकडे." नेत्रा शांतपणे "चालेल ताई" म्हणाली, दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून किंचाळली. आमची भिंत पातळ आहे, मी दचकून चहा सांडला.

उद्या म्हणजे नेमका दसरा. नेत्राचे सासरे रामनाथ चाळीस वर्षं होडीवर तांडेल होते, सगळ्या खलाशांचे म्होरके. हत्यारांची पूजा चुकवणं त्यांना जमायचंच नाही. सकाळी नेत्रा बाजारात असताना त्यांनी कोयता मांडला, जाळं विणायची सुई मांडली, सुनेचे स्क्रूड्रायव्हर मांडले आणि त्यांच्या शेजारी दोन्ही कार्डं. जुन्याला बोटभर कुंकू. नव्याला कुंकू, हळद, झेंडू आणि वर मूठभर ओल्या अक्षता. पहिल्यांदा कामाला लागणाऱ्या वस्तूचा मान मोठा, हा त्यांचा हिशेब.

नेत्रा आली, कपाळाला हात लावला, हसली, फुलं उचलली, कार्डं कोरड्या फडक्याने पुसली. दीप्ती दारात उभी होती, घाई झाली. तिथेच चुकलं.

दुपारी त्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सतराजण होतो. मी खिडकीवर. काम एकच, लग्नातल्या हळदीच्या नाचाच्या व्हिडिओला रंग चढवायचा. जुन्या कार्डाने अकरा मिनिटं घेतली. मग नवं बसवलं. पहिलं मिनिटभर ते असं सुटलं की पोरांनी शिट्ट्या मारल्या. "गेला गेला गेला!" मीही ओरडलो, या वयात. आणि मग ते मंदावलं. रेंगाळलं. अकरा मिनिटं झाली, बारा झाली, तेरा झाली! जुनं कार्ड जिंकलं! आम्हा म्हाताऱ्यांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी खिडकीवरून उडी मारली आणि गुडघा दुखावून घेतला. जुनं ते सोनं, म्हणत रामनाथांना मिठी मारली.

दीप्तीने पर्स उचलली. "वाचले मी. नवं आजच दुकानदाराला परत करते. पटली तुझी पारख, नेत्रा."

झालं होतं! काम मिळालं होतं! नुसती मान हलवायचा अवकाश. पण नेत्रा पडद्याकडेच बघत होती. "ताई, थांबा. हे कार्ड दमलं नाही, तापलंय, म्हणून मंदावलं. सुरुवातीला पळालं ते खोटं नव्हतं." तिने मशीन बंद केलं, कार्ड काढलं, कल्ला उचलावा तसं बोट घालून पंखा फिरवला. फिरेना. टॉर्च धरला. पात्याच्या आणि कडेच्या मध्ये तांदळाचा एक दाणा कुंकवाने घट्ट चिकटून बसला होता.

रामनाथांचा चेहरा पडला. "अगो, मना वाटला, नवीन हाय तं जास्ती लागंल," एवढंच ते पुटपुटले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला फार वाईट वाटलं.

"चूक आमची, ताई," नेत्रा म्हणाली. "पूजा घरात झाली आणि न तपासता कार्ड मी लावलं. मघाचा आकडा मी खोडते. पुन्हा लावू?"

तिने चिमट्याने दाणा काढला, कार्ड निवू दिलं, पुन्हा लावलं. चार मिनिटं दहा सेकंद! मग तिने आणखी एक काम दिलं, नुसती कापाकापी, रंग नाही. दोन्ही कार्डं बरोबरीत. "म्हणजे रंगाचं काम करणाऱ्या मशीनना नवं घ्या, बाकीची जुनी राहू द्या. उगाच बारा कशाला?"

"रंगाची चारच आहेत," दीप्ती हळूच म्हणाली. पर्स परत खाली ठेवली. "मघाशी तू गप्प बसली असतीस, तर मला कधी कळलंही नसतं."

"मला कळलं असतं ना."

"सोमवारी दहाला ये. बाराही मशीन तुझी."

नेत्रा या वेळी उशी शोधायला थांबली नाही. ती किंचाळली, आम्ही किंचाळलो, कुणीतरी तो हळदीचा व्हिडिओ पूर्ण आवाजात लावला आणि सतराजण त्या खोलीत नाचायला लागलो. दीप्तीसुद्धा! माझे डोळे भरून आले होते, गुडघ्यामुळे नव्हे.

एकटे रामनाथ भिंतीकडेच बसून होते. नेत्रा त्यांच्यापुढे जाऊन उकिडवी बसली. "बाबा, उठा ना. तुमच्यामुळंच तं मिळाला. सगला सरल झाला असता, तं ताईला माझी पारख कशी कलली असती?"

रामनाथांनी डोळे पुसले. थोडा विचार केला.

"मंग," ते म्हणाले, "सोमवारी मी पन येऊ काय?"