हितं कोण भितंय?

आमच्या ख्रिस्ती देवळाचे शमुवेल पाळक कुणाच्या घरी गेले की एकदम आत शिरत नसत. उंबऱ्याबाहेर उभे राहून मोठ्यानं विचारायचे, "हितं कोण भितंय?" आजाऱ्याच्या घरात असं विचारतं का कुणी? ते विचारायचे. आणि बहुधा शेवटच्या दुखण्यालाच यायचे, म्हणून त्यांची मोटारसायकल थांबली की शेजारचे लोकही आवाज खाली करायचे. कुणी "मी" म्हटलं की मान हलवायचे. "बरं झालं. भ्या वाटतंय म्हंजी पाप दावनारं देवाचं नियमशास्त्र पोचलं. ते पायी चालतं, तरी आधी येतं. कृपा अजून वाटंत हाय. तिला कडी वाजवाय लावू नगा, दार उघडं ठेवा." मुळशी धरणाकडचे डास घरभर व्हायचे, पण पाळक दार लावू द्यायचे नाहीत.

मी चौथी शिकलेला माणूस. नगरकडून पिरंगुटच्या कारखान्यात कामाला आलो, मुळशीत खोली घेतली आणि इथलाच झालो. पाप, नियमशास्त्र, कृपा हे मला उपासनेत बसून कधी कळलं नाही. जे कळलं ते माझ्या बायकोपायी, रूथपायी.

आमचा प्रकाश लहान असताना तापात त्याला झटके आले. दवाखान्याचं औषध चालू होतं, पण पोर डोळे उघडेना. घरमालकीणबाई मायेनं म्हणाल्या, "रूथ, तुझा देव तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. आमच्या बांधावरच्या म्हसोबाला एक कोंबडं दे." रूथनं दिलं. दुसऱ्या दिवशी पोरानं पाणी मागितलं.

रविवारी तिनं आपणहून पाळकांना सगळं सांगितलं. तेव्हा त्यांची दाढी काळी होती आणि जिभेला धार होती. म्हणाले, "पस्तावा कर."

"पोरगं वाचलं, पस्तावा कसा करू? उद्या तशीच येळ आली तर परत कोंबडं दीन."

"मग प्रभुभोजनाला हात लावू नगंस. बिनपस्ताव्यानं ती भाकर खाशील, तर दंड खाशील."

तेव्हापासून देवळात प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट जवळ आलं की रूथ पदर ओढून ते पुढं सरकवायची. प्रकाशचं लग्न झालं, तो मारुंजीला राहायला गेला, पाळकांची दाढी पांढरी झाली, तरी हिचं तेच. मी चिडायचो. "अगं, नखाएवढा तुकडा तो!" ती म्हणायची, "तुमास्नी भ्या न्हाई, तुमी खावा." झोपेत दचकून उठायची. काय दिसलं विचारलं तर सांगायची नाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. मी पाळकांना निरोप धाडला आणि लगेच वाटलं, कशाला धाडला? मोटारसायकल थांबली. दारातून आवाज आला, "हितं कोण भितंय?"

"मी," रूथ आतून म्हणाली. "तुमीच भ्या घातलंय."

पाळक आत आले. चपला काढायच्याही विसरले. "रूथ, त्या येळी मी अर्धंच सांगितलं. ती भाकर चांगल्या मान्सांसाठी नसती. भुकेल्यासाठी असती."

"तवा एक, आता एक. मी मरतीय म्हनून गोड बोलताय."

"अगं, पोर वाचवताना देवानं त्या कोंबड्याला इचारलं नसंल."

ती हसली, आणि हसताना कळ आली. कळ थांबल्यावर म्हणाली, "पन पस्तावा मला आजबी न्हाई. मरताना खोटं बोलून खाऊ व्हय?"

पाळक तिच्या उशाशी खाली बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग पिशवीतून भाकर काढून त्यांनी तुकडा मोडला. "तशीच खा. दंड आला तर तुझ्या वाट्याचा मी खाईन."

मी म्हटलं, "पाळकबाबा, असलं काही बोलू नका."

"बोललो. माझ्या आधी क्रुसावर एकानं हेच केलंय. न्हाईतर मी पाळक तरी कशाचा?"

रूथनं त्यांच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. मग तोंड उघडलं. त्यानंतर ती दचकली नाही. भातलावणीच्या दिवसांत गेली, झोपेतच. तेव्हापासून ही खोली मला खायला उठते.

भात कापणीला आलं तोवर पाळकांच्या घशात गाठ झाली. पाण्याचा घोट उतरेना. लोक कुजबुजू लागले, "रूथचा दंड खाल्ला." मला आडून बोलता येत नाही. सरळ विचारलं, "पाळकबाबा, हा तोच का?"

"येड्या, तरुनपनी बिड्या वढल्या त्याचं हाय हे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग माझं मनगट धरलं. "आन् तोच असला, तरी दिल्याला शब्द माघारी घ्यायचा न्हाई."

त्यांच्याकडं शेवटचा गेलो तेव्हा मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. विचारलं, "हितं कोण भितंय?"

खाटेवरून त्यांचा हात वर झाला.

मी उंबरा ओलांडून आत गेलो. म्हटलं, "मग कृपा वाटंत हाय."

मी कान त्यांच्या तोंडापाशी नेला. "पिरंगुटला आडकली असंल," ते म्हणाले. "टर्‍याफिक लई."

डास येतात म्हणून त्यांची सून दार लावायला आली. मी म्हटलं, "राहू दे, पोरी." आणि दाराला पाय लावून बसलो. बसल्या बसल्याच त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

कृपा पोचली का नाही, मला दिसली नाही. दार उघडं होतं, एवढं मी सांगू शकतो.