गावाला विचारून

नव्वदच्या दशकात मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होतो आणि स्वतःला भलता झटपट माणूस समजत होतो. गुडगावात आम्हा नोकरदारांच्या सोसायटीत नवा फ्लॅट घेतला होता. आजूबाजूला अजून मोहरीची शेतं होती. सोसायटीचा सेक्रेटरीही मीच, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं.

त्या हिवाळ्यात गडचिरोलीकडच्या एका गोंड गावातले म्हातारे प्रमुख अर्ज घेऊन दिल्लीत आले. गावच्या जंगलातला बांबू गावानेच तोडावा, गावानेच विकावा आणि वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने द्यावा, एवढंच मागणं. मी मराठी, म्हणून साहेबांनी त्यांना माझ्या गळ्यात बांधलं. कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या अतिथिगृहात मी त्यांना भेटलो. त्यांनी जंगलाचे चार भाग पाडले होते. दरवर्षी एकाच भागात तोड, बाकीच्या तिन्हींवर गावाचा पहारा. असली युक्ती आमच्या एकाही फायलीत नव्हती. तरी मी शहाण्याने अर्ज सुधारला. एक समिती घातली आणि तिच्या अध्यक्षपदी वन अधिकारी बसवला. संध्याकाळपर्यंत सही करा, नाहीतर फाइल महिनोन् महिने पडून राहील, असं वर बजावलं.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"जंगल माझ्या एकट्याचं नाही जी. गावाले इचारून सांगतो."

मला राग आला. एवढ्या लांब येऊन माणूस एक सही करत नाही, अशाने यांचं कसं व्हायचं, असं मी घरी बायकोला ऐकवलं. त्याच आठवड्यात ठेकेदार आला. सोसायटीच्या बागेच्या जागेत जनरेटर बसवायचा होता. मी उभ्या उभ्या सही ठोकली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दीड महिन्याने तो अर्ज पोस्टाने परत आला. माझा वन अधिकारी काट मारून उडवला होता. खाली प्रत्येक घरातल्या नवऱ्याची आणि बायकोची सही, नाहीतर अंगठा. बायांनी एक कलम वाढवलं होतं: पावसाळ्यात नवे कोंब फुटतात, तेव्हा तोड बंद. अख्ख्या अर्जात अकलेची ओळ हीच, असं साहेब म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. गावाला हक्क मिळाला तो बऱ्याच वर्षांनी, पण त्या ओळीसकट मिळाला.

आमचा जनरेटर मात्र वेळेवर आला आणि नेमका आमच्याच बेडरूमच्या खिडकीखाली बसला. पोरांची खेळायची जागा गेली. सगळी सोसायटी आमच्या दारात जमली. किससे पूछा था, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी सगळ्यांच्या सोयीबद्दल काहीतरी बोलत राहिलो.

लोक गेल्यावर बायकोने खिडकी लावून घेतली.

"यार, निदान मला तरी विचारायचंस."