धाकट्या आत्याची काढाकाढ

मला दोन आत्या. मोठीचे यजमान गेल्यावर धाकटी तिच्या सोबतीला म्हणून आली, ती कायमचीच राहिली. दोघींचं शिवणकामाचं दुकान आहे. मोठी बेतते, धाकटी शिवते. यजमानांची जुनी गाडी दाराशी नुसतीच धूळ खात उभी होती, ती धाकटीने शिकून चालवायला घेतली. शिवणयंत्र खोलून पुन्हा जोडणाऱ्या बाईला इंजिनाची कसली भीती? तेल बदलणं, प्लग साफ करणं ती घरच्या घरी करू लागली.

एकच गोष्ट तिच्या डोक्यात जायची. गाडीने वेग घेतला की इंजिनातून बारीक, चिरका आवाज निघे. गॅरेजवाल्याने कान देऊन ऐकलं आणि सांगितलं की धूर स्वच्छ व्हावा म्हणून हवा सोडणारा एक पंप असतो, त्याचा हा आवाज. एवढ्या जुन्या गाडीला ही सोंगं हवीत कशाला, काढून टाका सगळं, असंही वर म्हणाला.

आत्याला तेवढं निमित्त पुरलं. सुट्टीच्या दिवशी तिने बॉनेट उघडलं. पंप काढला, त्याचा पट्टा काढला, नळ्या काढून भोकांना बुचं बसवली. हात चालूच होता, तर कोपऱ्यातला कोळशाचा काळा डबाही काढला. टाकीतली पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो हे तिला ठाऊक होतं. पण वाफ ती असून असणार केवढी, असं तिला वाटलं. सगळं एका जुन्या चादरीत बांधून तिने कपाटावर टाकलं. इंजिन कसं मोकळंढाकळं दिसू लागलं. चिरका आवाज गेला. आत्या गाडी चालवताना गुणगुणायला लागली.

शिवलेले कपडे गिऱ्हाइकांकडे पोचवायचे ते मागच्या सीटवरून, आणि ते चुरगळू नयेत म्हणून मोठी आत्या त्यांच्याशेजारी बसायची. आता ती भर थंडीतही काच खाली करून बसू लागली. विचारलं तर म्हणायची, जरा वारा लागू दे.

मग एक दिवस वकीलबाई दुकानात आल्या. त्यांचा काळा कोट नुकताच पोचवला होता. तो टेबलावर ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "शिलाई उत्तम आहे. पण मी बोलायला उभी राहिले, की समोरचे वकील विचारतात, पेट्रोल भरून आलात का?"

धाकटीने कोट नाकाशी नेला आणि तिचा चेहरा उतरला. त्या गेल्यावर तिने बहिणीला विचारलं, "तुला वास येत होता?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"किती वर्षांनी गुणगुणत होतीस तू. मी कशाला त्यात नाट लावू?"

धाकटीने कोट वाऱ्यावर टांगला, दुकान लवकर बंद केलं आणि कपाटावरचं गाठोडं खाली घेतलं. मोठी आत्या कधी नव्हे ती इंजिनापाशी येऊन टॉर्च धरून उभी राहिली. आधी कोळशाचा डबा जागेवर गेला. पंप बसवण्याआधी धाकटीने त्याचं चाक बोटाने फिरवून पाहिलं, तर आत खरखर लागली. बेअरिंग पार कोरडं पडलं होतं. ओरडत होतं ते तेच. एवढ्याशा बेअरिंगपायी आपण अख्खा पंप उपटला, याचं तिला हसू आलं. नवं बेअरिंग गॅरेजवाल्यानेच मिळवलं आणि बसवूनही दिलं.

पंप बसला, पट्टा चढला, इंजिन एका लयीत चालू लागलं. वकीलबाईंनी कोट परत नेला आणि आणखी एक शिवायला टाकला.

मोठी आत्या हल्ली पुढच्या सीटवर बसते. कुठली नळी कुठून कुठे जाते, ते तिला समजून घ्यायचं असतं म्हणे. धाकटी गाडी चालवता चालवता मन लावून सांगते. दुसऱ्या नळीपर्यंत पोचेतो मोठीला डुलकी लागलेली असते. धाकटी आवाज जरा उतरवते, पण सांगायचं काही थांबवत नाही.