दहापैकी किती

स्पिरिटचा वास आला की मुलाचं अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं स्वयंपाकघर आठवतं. नात रिया कॉलेजात नर्सिंग शिकत होती, जोडीला तत्त्वज्ञानही. डॉक्टर होणार नसशील तर कॉलेज बंद, असं मुलाने तिला बजावलं होतं.

त्या रविवारी ती माझ्यावर सराव करत होती. थर्मामीटर स्पिरिटने पुसता पुसता तिने विचारलं, "आजी, गुडघ्याचं पेन दहापैकी किती?"

"दहा." गुडघा ठीक आहे असं सांगून मला मोकळं व्हायचं होतं, आणि आमच्या शाळेत दहापैकी दहा म्हणजे उत्तम.

ती घाबरून गुडघ्यापाशी बसली. "नो आजी, टेन म्हणजे वर्स्ट. खरं सांग."

"मग आठ."

मुलाने पेपर खाली ठेवला. "आई, मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

कॉलेज बंद करायची भाषा त्याने पुन्हा केली नाही. तेव्हा वाटलं, मी त्याला गप्प केलं. आता वाटतं, रियाच्या प्रश्नाने केलं.